अंड्यावर भाव नको, तारीख लिहा

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि आमच्या कोंबड्यावाल्या मंडळींमध्ये एक कागद फिरला. आम्ही म्हणजे इंदूरच्या लोकमान्य नगर, सुदामा नगर, केसरबाग रोड या पट्ट्यातली चौदा घरं, बहुतेक मराठी, तीन मालवी, एक सिंधी, सगळ्यांकडे अंगणात नाहीतर गच्चीवर चारपासून पंधरापर्यंत कोंबड्या. कागदावर दर लिहिले होते. गावरान अंडं एक, बारा रुपये. मेथीची जुडी म्हणजे दीड अंडं. शेवग्याच्या सहा शेंगा म्हणजे एक अंडं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी एकवीस दिवस वापरायला दिली तर पंधरा अंडी. कोंबडीखताची गोणी म्हणजे आठ अंडी. ज्या दादांनी हा कागद केला ते माणूस म्हणून फार चांगले, हिशेबाला पक्के, त्यांना खरंच वाटत होतं की एकदा लिहून ठेवलं की कुणाच्या मनात काही राहणार नाही. कारण त्याच्या आधी दोन महिने कुजबुज चालू झालीच होती, की अमुक घरात नुसतं जातंय आणि तिकडून काही येत नाहीये.

चार महिन्यांत देवघेव जवळजवळ बंद पडली. भांडण वगैरे काही झालं नाही, फक्त डबे फिरायचे थांबले. आता परत विषय निघालाय की नवीन दर लावून पुन्हा सुरू करू, यावेळी मोबाइलवर हिशेब ठेवू म्हणजे चूक होणार नाही. माझा याला विरोध आहे आणि तो का आहे ते मला एकदा नीट मांडायचंय, उभ्याउभ्या गेटपाशी बोलण्यात अर्धा मुद्दा राहूनच जातो.

आधी कोंबडीचं वर्ष कसं असतं ते बघा. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ, फार तर सत्तर अंडी देते. बारा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते, बसली की एकवीस दिवस उठत नाही, मग पिल्लं घेऊन दीड-दोन महिने फिरते, तेवढ्यात अंडं नाही. त्यात भरपूर अंडी द्यायला तिला दिवसाचा उजेड चौदा तासांच्या आसपास असला तर बरं आणि डिसेंबरात इंदूरला तो पावणेअकरा तासांच्या घरात असतो. पावसाळा संपता संपता पिसं झडतात, तेव्हा अंगातली सगळी ताकद नवीन पिसांकडे जाते. म्हणजे दिवाळीच्या सुमाराला अंडी कमीच असणार, हे कुणाच्या कंजूषपणामुळे होत नाही. आणि फेब्रुवारी उजाडला की सगळ्यांच्याच कोंबड्या एकदम सुरू होतात, मार्चमध्ये माझ्या फ्रीजवर टोपलीत चाळीस-चाळीस अंडी पडलेली असतात आणि ती कुणाला द्यायची हा प्रश्न असतो. मग एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेला की पुन्हा गळती, कोंबड्या चोच उघडी टाकून सावलीत बसून राहतात.

आता हा दराचा कागद आला कधी, तर नोव्हेंबरमध्ये, ऐन टंचाईत, जेव्हा ज्याच्याकडे अंडी आहेत त्याला वाटतं मी देतोय आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला वाटतं माझ्यावर चढतंय. तीन महिने लोकांच्या नावावर अंडी उधार लिहिली गेली. आणि फेब्रुवारीत जेव्हा फेडायची वेळ आली तेव्हा कुणालाच अंडी नको होती! समोरच्या काकू बावीस अंडी घेऊन दादांच्या दारात उभ्या, म्हणे माझं खातं मिटवा, आणि दादांच्या घरात आधीच पन्नास पडलेली. काकूंचा चेहरा मी पाहिलाय. त्यांनी हिवाळ्यात आमच्याकडून घेतलेली सात-आठ अंडी सुनेच्या बाळंतपणानंतरची होती, तेव्हा आम्ही कुणी ती मोजून दिली असतील असं त्यांना वाटलंही नव्हतं. त्या दिवसानंतर त्या कुणाकडे काही मागायला गेल्या नाहीत.

आपल्या घरांमध्ये एक साधी रीत आहे, ती इंदुरात तेवढीच आहे जेवढी पुण्या-नागपुरात असेल. शेजारचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही. काही नसलं तर चमचाभर साखर टाकायची, दोन लिंबं ठेवायची, अगदी काहीच नसलं तर अंगणातली गवती चहाची चार पाती. साखरेची किंमत डब्यातून आलेल्या अनारशांएवढी असावी अशी कुणाची अपेक्षा नसते, डबा पुन्हा इकडे येणार आहे आणि पुन्हा तिकडे जाणार आहे एवढंच त्यातून कळतं. हिशेब थोडा उघडा राहतो म्हणूनच येणंजाणं चालू राहतं, हे माझं म्हणणं आहे. बरोबरीत मिटवलं की पुढे जायला कारण उरत नाही, वाण्याचं बिल चुकतं केलं की आपण दुकानातून बाहेरच पडतो ना, तसं.

शिवाय कागदावर जे बसत नाही तेच आमच्या देवघेवीत जास्त होतं. चौदा घरांपैकी पाच घरांत अंडं चालत नाही. कोंबड्या आहेत त्यांच्याकडे, कारण नातवंडांना आवडतात, नाहीतर बागेतले किडे खातात, नाहीतर वडिलांपासून चालत आलंय म्हणून, पण अंडं स्वयंपाकघरात जात नाही. हे लोक अंडी देतात आणि त्या बदल्यात अंडी घेणार नाहीत हे उघड आहे. त्यांना खत हवं असतं, तेही दोन महिने कुजवून थंड केलेलं, कारण ताजं टाकलं तर रोप जळतं. मागच्या गल्लीतले काका एकटे राहतात, गुडघे दुखतात, त्यांच्याकडे द्यायला भाजी नाही की लोणचं नाही, पण कुणीही गावाला गेलं की त्या घरच्या कोंबड्यांना सकाळ-संध्याकाळ दाणापाणी काकाच घालतात आणि दिवेलागणीच्या आत खुराडं लावतात. मुंगूस आणि रात्रीची मांजरं यांचा इथे किती त्रास आहे ते ज्याच्या दोन कोंबड्या एका रात्रीत गेल्यात त्याला विचारा. चार दिवस खुराडं वेळेवर लावण्याची किती अंडी लावायची? कागदावर ते कुणी लिहिलं नव्हतं, म्हणून काकांच्या खात्यात शून्य आणि नावावर उधारी एकोणीस अंड्यांची.

आणि कोंबडे. हा विषय कुणालाच आवडत नाही पण तो टाळून चालत नाही. बारा अंडी बसवली, दहा पिल्लं निघाली, तर त्यातली निम्मी नर निघणार हे धरूनच चालायचं. दोन महिन्यांनी आरवायला लागले की आजूबाजूच्या फ्लॅटमधून तक्रार येते, आणि ती तक्रार रास्त आहे, पहाटे साडेचारला रोज कुणी झोपमोड का सोसावी. काही घरं कापून खातात, काहींना ते जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांचे कोंबडे ज्यांना जमतं त्यांच्याकडे जातात आणि बदल्यात एखादी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, परत येते. यात दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांच्या रीतीचा मान ठेवावा लागतो, तोंडावर काही न बोलता. आमच्याकडे हे दहा-बारा वर्षं जमलं. दरपत्रकात कोंबडा वजनावर लावला तेव्हा एका शाकाहारी वहिनींनी सरळ सांगितलं की मी मांस विकत नाहीये, माझे कोंबडे माझ्याकडेच राहू द्या. मग तक्रार झाली, मग ते कोंबडे कुठेतरी बाहेर गावाला सोडले गेले. हे बरं झालं का?

सगळ्यात सुंदर देवघेव मला विचाराल तर कडकनाथची आहे. झाबुआ इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, तिथल्या भिल-भिलाला घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही काळी कोंबडी, तिकडे तिला कालीमासी म्हणतात, २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आता तिचं नाव इतकं झालंय की अंड्याला तोंडाला येईल तो भाव सांगतात. पण जिच्याकडे कडकनाथ आहे तिला माहितीये की ही कोंबडी अंडी घालते आणि उठून चालू लागते, खुडूक क्वचितच होते. म्हणून तिची अंडी गावरान कोंबडीखाली बसवावी लागतात. माझ्याकडे कडकनाथ, समोरच्या काकूंकडे गावरान, माझी अकरा अंडी त्यांच्या कोंबडीखाली जातात, सातव्या दिवशी रात्री आम्ही दोघी टॉर्च लावून अंडी बघतो, आत लाल शिरांचं जाळं दिसलं की ते ठेवायचं, नुसतं स्वच्छ दिसलं की काढायचं, आणि जी पिल्लं निघतील ती निम्मी-निम्मी. याला गावाकडे अर्धलीने देणं म्हणतात, बकऱ्यांमध्येही असतं, गाईंमध्येही. (खुडूकला आमच्या मालवी वहिनी कुडक म्हणतात, दोन्ही शब्द ऐकले की मला बरं वाटतं, कोंबड्यांमुळे आमच्या पोरांच्या तोंडी हे शब्द तरी राहिले.) यात जोखीमसुद्धा निम्मी-निम्मी आहे. अंडी गार पडली, घारीने पिल्लू उचललं, तर दोघींचं गेलं. दरपत्रकाने माझ्याकडून काकूंना पंधरा अंडी भाडं ठरवलं, मग पिल्लं मरोत की जगोत काकूंचा काय संबंध? अर्धलीत संबंध राहतो.

आता दुसरी बाजू. दादांचं म्हणणं होतं की असं मोकळं ठेवलं की काही लोक नुसतं घेत राहतात. खरं आहे. एक घर होतं, अजूनही आहे, जे मार्चमध्ये सगळ्यांकडून अंडी नेतं आणि त्यांच्या झाडाला आंबे लागले की फाटक बंद. मला ते खटकतं, मी नाही म्हणत नाही. पण चौदा घरांत एक. त्या एकासाठी तेरा जणांना वहीत टाकायचं हे मला पटत नाही. अशा घराला काय करायचं ते आपल्या बायकांना नेहमीच माहिती असतं, डबा हळूहळू कमी जायला लागतो, आणि समजायचं त्याला समजतं. नाहीच समजलं तर सरळ जाऊन सांगावं, वहिनी, यंदा दोन आंबे आमच्या पोरांनाही द्या. मला हे कागदापेक्षा स्वच्छ वाटतं.

त्याहून अवघड आक्षेप माझ्या मुलीने घेतला आणि त्यावर मी बरेच दिवस विचार केला. ती म्हणाली, आई, हिशेब न ठेवता देणंघेणं चांगलं असं तू म्हणतेस, पण बलुतेदारीतही रोख हिशेब नव्हताच की. सुताराने नांगर करायचा, चांभाराने मोट-चपला, महाराने गावची कामं, आणि सुगीला खळ्यावर जे पडेल ते घ्यायचं. कुणाला किती द्यायचं ते देणाऱ्याने ठरवायचं आणि घेणाऱ्याने हात पुढे करायचा, नाही म्हणायची सोय नाही. तिचं बरोबर आहे. मोकळी देवघेव आपोआप पवित्र होत नाही, ती कुणामध्ये होतेय ते बघावं लागतं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताई निमाडातल्या, लहानपणापासून कोंबड्यांमध्ये वाढलेल्या, माझ्यापेक्षा त्यांना दहापट कळतं. किती वर्षं मी त्यांना विचारायचे, कोंबडी अशी का करते, अंड्याचं कवच पातळ का येतंय, आणि त्या सांगायच्या, जाताना मी त्यांना दोन अंडी द्यायचे, बहुतेक वेळा जुनी झालेली, आणि मनातल्या मनात याला देवघेव समजायचे. ते तसं नव्हतं. त्यांनी दिलं ते ज्ञान होतं आणि मी दिलं ते उरलेलं. आता ठरवलंय की त्यांच्या कामाचे पैसे पैशातच, ठरल्या दिवशी पूर्ण, त्यात अंडं येणार नाही. आणि कोंबड्यांची देवघेव वेगळी, त्यांच्या खोलीच्या मागे त्यांनीही तीन कोंबड्या ठेवल्यात, त्या माझ्याकडून पिल्लं नेतात आणि मी त्यांच्याकडून अंडी आणते, मला नको असेल तेव्हा मी नाही म्हणते आणि त्यांना नको असेल तेव्हा त्या. नाही म्हणता येतं का, ही कसोटी मी आता लावते. जिथे एका बाजूला नाही म्हणता येत नाही तिथे पैसेच द्यावेत, रोख आणि पूर्ण.

मग मी हिशेबाच्याच विरुद्ध आहे का, तर नाही. एक हिशेब आहे जो आम्ही कधीच ठेवला नाही आणि तो न ठेवल्याची किंमत मोजली. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर मी एका हाटातून सहा तलंगा आणल्या, दिसायला छान, तुरा लालबुंद. दोन माझ्या मैत्रिणीला दिल्या, तिने मला गावठी लसणीची माळ दिली होती त्याबद्दल. लस दिली आहे का मी विचारलं नव्हतं, वेगळ्या ठेवल्या नव्हत्या, सरळ कळपात सोडल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी एक झुलायला लागली, हिरवी पातळ हगवण, मग मान वाकडी, मग घशातून घरघर. मानमोडी, म्हणजे राणीखेत. माझ्या नऊ गेल्या, मैत्रिणीच्या सातच्या सात. तिची मुलगी त्यातल्या एका पांढरीला रोज हाताने दाणे भरवायची. मैत्रीण मला एक शब्द बोलली नाही, आणि त्या न बोलण्याने मला जास्त लागलं. मी दिलेली भेट तिच्या दारात रोग घेऊन गेली होती.

म्हणून माझं म्हणणं आहे की भावाची वही फाडा आणि दुसरी वही काढा. नवीन पक्षी कुणी आणला, कुठून, कोणत्या तारखेला, किमान तीन आठवडे वेगळा ठेवला का, तेवढे दिवस त्याचं भांडं वेगळं, त्याच्याकडे शेवटी जायचं आणि हात-चपला धुवून मग घरच्या कोंबड्यांकडे यायचं. लस कधी दिली. औषध चालू आहे का. कुणाच्या कोंबडीला अँटिबायोटिक दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस ती अंडी कुणालाही द्यायची नाहीत, आपणही खायची नाहीत. २०१९ मध्ये सरकारने कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर जनावरांसाठी बंदी घातली ती उगाच नाही, माणसाचा जीव वाचवायला जे शेवटचं औषध राखून ठेवायचं ते दाण्यात मिसळलं जात होतं. आपण मोठ्या पोल्ट्रीला नावं ठेवायची आणि घरी दुकानदाराने दिलेली पुडी पाण्यात टाकायची हे चालणार नाही.

आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख. हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. अंडं धुवायचं नाही, त्याच्यावर एक नैसर्गिक पातळ थर असतो तो जंतू आत जाऊ देत नाही, धुतलं की तो जातो, मग ते फ्रीजमध्येच ठेवावं लागतं. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, फारच लागली असेल तर ते घरीच वापरा, त्याच दिवशी, नीट शिजवून. मे महिन्यात इंदुरात बाहेर ठेवलेल्या अंड्याचा भरवसा नाही. पाण्यात टाकून बघायची रीत सगळ्यांना माहिती असते, ताजं तळाशी आडवं बसतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं, कारण आतली हवेची पोकळी वाढत जाते. पण शेजारणीने आपलं अंडं पाण्यात टाकून बघावं ही वेळ का आणायची, तारीख लिहिली की झालं. भाव लिहिलेलं अंडं हातात घेताना माणूस थोडा आखडतो, तारीख लिहिलेलं घेताना त्याला कळतं की देणाऱ्याने आपला विचार केलाय.

उरलंसुरलं अन्न देणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगायच्यात. आमच्या शहरात सकाळी पोहे आणि पोह्यांवर शेव, कोंबड्यांना पोहे चालतात, शेव-फरसाण नाही, मिठाने कोंबडी मरू शकते, तिचं शरीर केवढं! आणि बुरशी आलेली पोळी, बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड तर अजिबात नाही. आपण खाणार नाही म्हणून कोंबडीला, हा विचारच सोडा.

२०२० च्या डिसेंबरच्या शेवटी इथल्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले, भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू सांगितला, एच५एन८, पुढे जानेवारीत झाबुआकडे कडकनाथमध्येही रोग निघाला. त्या दिवसांत आम्हाला कळलं की आमच्यात निरोप पोहोचवायची काही व्यवस्थाच नाही. कुणी घाबरून कोंबड्या रातोरात नातेवाइकांकडे नेऊन सोडल्या, म्हणजे रोग असता तर तो पसरवायचाच उद्योग. कुणी काहीच मानलं नाही, मेलेला कावळा हाताने उचलून बाहेर टाकला. शांतपणे करायचं ते इतकंच होतं की पक्षी आत, जाळीखाली ठेवायचे, देवघेव पूर्ण थांबवायची, अंडी-मांस पूर्ण शिजवूनच खायचं, ७० अंशांच्या वर विषाणू टिकत नाही, आणि पक्षी मेला तर लपवायचं नाही, पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं. महूला एवढं जुनं व्हेटर्नरी कॉलेज आपल्या शेजारी आहे, तिथल्या डॉक्टरांना वर्षातून एकदा बोलावून दोन तास बसलो असतो तरी पुष्कळ झालं असतं. ज्या मंडळींना दरपत्रकासाठी तीन बैठका घ्यायला वेळ होता त्यांनी ही एक बैठक घ्यावी असं मी म्हणते.

यात निगमचाही, म्हणजे आमच्या महापालिकेचाही प्रश्न येतो. आपलं शहर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग स्वच्छतेत पहिलं आलं आणि त्याचा मलाही अभिमान आहे, ओला-सुका वेगळा करायची सवय इथल्या लहान पोरालाही आहे. देवगुराडियाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून रोज गॅस करायचा प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला. पण भाजीचे देठ, टरबुजाच्या साली, उरलेला भात गाडीत जाऊन एवढा प्रवास करण्याआधी माझ्या अंगणातच आठ कोंबड्यांच्या पोटात जातो, त्याचं अंडं होतं आणि खत होतं, तर हेही स्वच्छतेचंच काम आहे. म्हणून अंगणातल्या कोंबड्या म्हणजे घाण असं धरून चालू नये. माझी मागणी साधी आहे, वॉर्डात नाव नोंदवा, दर घराला आठ-दहा माद्या, कोंबडा नाही, खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीपासून दूर, रोज साफ, वास आला तर दंड. नियम कडक करा पण करा, म्हणजे लोक लपवाछपवी करणार नाहीत, आणि रोग आला तर कुठल्या घरात किती पक्षी आहेत हे निगमला माहिती असेल. आणि आपल्यासाठी एक सांगते, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात विक्रीची जी व्याख्या आहे तिच्यात रोख, उधार आणि अदलाबदल असे तिन्ही प्रकार धरलेत. म्हणजे दर ठरवून, वह्या ठेवून अदलाबदल करत बसलो तर आपण आपल्या पायाने व्यापाराच्या दारात जाऊन उभे राहतो. ज्यांना व्यापार करायचाय त्यांनी खुशाल करावा, नोंदणी करून, बाजारात, त्यात कमीपणा नाही, फक्त तो शेजाऱ्याच्या डब्यात शिरवू नये.

हे काही आमच्या चौदा घरांपुरतं नाहीये. २०१९ च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाख निघाले, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त, म्हणजे एवढ्या मोठ्या पोल्ट्र्या झाल्या तरी अंगणातली कोंबडी गेलेली नाही, वाढतेय. आहारतज्ज्ञ माणशी वर्षाला १८० अंडी सांगतात आणि देशात माणशी उपलब्धता शंभरच्या थोडी वर आहे, त्यातही कुणाच्या ताटात किती जातात ते आपण बघतोच. आपल्या मध्य प्रदेशात २०१५ मध्ये अंगणवाडीत अंडी द्यायची गोष्ट निघाली आणि सरकारने नाही म्हटलं. मला ते चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं, ज्याला खायचं नाही त्याला केळं द्या, पण ज्या पोराच्या घरी चालतं आणि परवडत नाही त्याचं का काढून घेता. आमच्या गल्लीच्या टोकाला बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबांची चार-पाच पोरं आहेत. मार्चमध्ये चौदा घरांतली जास्तीची अंडी, ताजी, तारीख घातलेली, त्यांच्या आयांना विचारून तिथे जायला हवीत. दरपत्रकाच्या वर्षी ती गेली नाहीत, कारण प्रत्येक अंडं कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं होतं.

काकूंच्या कोंबडीखाली माझी अकरा अंडी बसवलीत, सातव्या दिवशी टॉर्चने बघितली, नऊ भरलेली निघाली. येत्या गुरुवारी एकवीस दिवस होतील. पिल्लं सहा-सात दिवसांची झाली की लासोटा, म्हणजे मानमोडीची लस द्यायची, डोळ्यात एकेक थेंब. आमच्याकडे मिळते ती कुपी शंभर डोसची, एकदा फोडली की दोन तासांच्या आत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. सगळी निघाली तर माझी आणि काकूंची मिळून नऊ पिल्लं. ताईंकडे पाच आहेत, दादांकडेही बारा निघालीत असं कळलं, दादांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे. बर्फाचा थर्मास घेऊन मी आदल्या संध्याकाळी कुपी आणून ठेवते, पैसे मी भरलेत, कुणी विचारू नये. ज्यांच्याकडे आठवड्याच्या आसपासची पिल्लं आहेत त्यांनी त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी सातला तयार राहा, पिल्लं माझ्या अंगणात आणू नका, आपापल्या घरीच टोपलीत झाकून ठेवा, मीच चपला बदलत एकेका घरी येते, आणि वहीत तारीख लिहायला पेन्सिल घेऊन कुणीतरी एक जण माझ्याबरोबर चला.